सोलर बसवण्याआधी विजेची लाईन संगणकावर चालवून बघा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ४० किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा मी आधी लॅपटॉपवर ओपनडीएसएस उघडलं, म्हणजे विजेच्या लाईनचं गणित करून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते मोफत मिळतं. ट्रान्सफॉर्मर, केबलची लांबी-जाडी आणि मीटरवरचा तासातासाचा वापर भरा. केबलचा आकडा अंदाजाने टाकू नका, सगळं गणित त्यावरच उभं असतं.

मग सगळ्यात वाईट वेळ चालवा: मे महिन्यातली दुपार, निम्मी घरं गावी, वापर जवळजवळ शून्य. मग सोलरची जवळजवळ सगळी वीज केबलमधून उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते. थ्री-फेज लाईनवर ४० किलोवॅट म्हणजे दर फेजला साधारण ५६ अँपिअर. केबलचा रोध ०.१ ओहम धरला, तर गच्चीकडे ५.६ व्होल्ट चढतात. ट्रान्सफॉर्मरवर २४० असेल तर गच्चीकडे २४५च्या वर, आणि २३०ची सहा टक्के मर्यादा तर २४३.८ला संपते! व्होल्टेज आणखी चढलं, तर इन्व्हर्टर (सोलरची डीसी वीज एसी करणारं यंत्र) ऐन उन्हात बंदही पडू शकतो.

आता इन्व्हर्टरचा व्होल्ट-व्हार कंट्रोल लावून पुन्हा चालवा; यात व्होल्टेज चढलं की इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, नुसती ये-जा करणारी वीज) ओढून ते उतरवतो. व्होल्टेज थोडं उतरतं. पण या उपायाचा जोर केबलच्या रिअॅक्टन्सवर (एसी विजेला होणारा, रोधाहून वेगळा अडथळा) असतो; आपल्या केबलमध्ये रोध जास्त, रिअॅक्टन्स कमी, म्हणून फार आशा धरू नका. मला तरी जाड केबलच जास्त पटते, तिचा रोध कमी असतो. टाकीचा पंप दुपारी एकला चालवूनही बघा, म्हणजे सोलरची थोडी वीज इथेच वापरली जाईल.