ग्रीक ‘आत्मा’ वाचताना या चुका टाळा

प्लेटो किंवा अ‍ॅरिस्टॉटल मराठीतून वाचायला घेतला की लगेच ‘आत्मा’ भेटतो. शब्द ओळखीचा, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. मूळ ग्रीक शब्द ‘प्सुखे’. सायकॉलॉजीतला ‘सायको’ त्यातूनच आला. ‘इलियड’ या युद्धकाव्याच्या सुरुवातीलाच ग्रीक कवी होमर सांगतो की योद्धा अकिलीसच्या रागाने कित्येक वीरांच्या प्सुखे पाताळात गेल्या आणि ते ‘स्वतः’ कुत्र्या-पक्ष्यांच्या तोंडी पडले. ‘स्वतः’ म्हणजे इथे देह! प्सुखे ही नुसती सावली. गीतेतला आत्मा डोक्यात ठेवून वाचलं तर ओळीचा अर्थच उलटा होतो.

अ‍ॅरिस्टॉटलपाशी अडलात तर ‘आत्मा’च्या जागी ‘जीव’ घालून वाक्य पुन्हा वाचा. झाडात जीव आहे असं आपण सहज म्हणतो, तोही तेच म्हणतो: वनस्पतींत पोषण आणि वाढ, प्राण्यांत संवेदना, माणसात त्यावर विचार. डोळा हा स्वतंत्र प्राणी असता, तर दृष्टी हा त्याचा जीव ठरला असता, हे त्याचंच उदाहरण. डोळ्यातून दृष्टी काढून डबीत ठेवता येत नाही, तसाच देहातून जीवही. (बुद्धी देहावेगळी राहू शकेल, एवढी फट मात्र त्याने ठेवली आहे, आणि भाष्यकार अजून त्यावर भांडतात.)

दुसरी चूक खास आपली. प्लेटोचा ‘फीडो’ हा संवाद इ.स.पू. ३९९ मधल्या सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाचा. त्यात वस्त्राचा दाखला आला की आपल्याला ‘वासांसि जीर्णानि’ आठवतं आणि आपण मान डोलावतो. पण तिथे सॉक्रेटिसशी बोलणारा केबीस हा दाखला शंका म्हणून देतो. विणकर आयुष्यात कितीतरी अंगरखे झिजवतो, तरी शेवटचा अंगरखा त्याच्या मागे उरतोच; तसा आत्माही अनेक देह झिजवून अखेर संपत असेल तर? म्हणून आधी बोलणारा कोण ते पाहा. वीणेच्या सुरावटीचा दाखला (वीणा मोडली की सूर संपतो, तसा देहाबरोबर आत्मा) तिथल्याच सिमियासचा आहे, तोही शंकाच. दोन्ही प्लेटोच्या नावावर खपवले जातात.

रथाचंही तसंच. कठोपनिषदात शरीर हा रथ आणि आत्मा रथी. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सारथी आणि दोन्ही पंखवाले घोडे मिळूनच आत्मा होतो, शरीराचा त्यात वाटाच नाही.

‘ग्रीक लोक आत्मा अमर मानत’ हे वाक्य तर लिहूच नका. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या मते आत्माही अणूंचाच, मरणासरशी विखुरणारा.

आणि प्लेटोला एकाच साच्यात बसवू नका. ‘फीडो’त वासनांचं खापर तो शरीरावर फोडतो, ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात त्याच वासना आत्म्याचा एक हिस्सा होतात, विवेक आणि आवेश यांच्या शेजारी. हा आतला झगडा तिथल्या लिओन्टियसच्या गोष्टीत दिसतो: तो अथेन्सच्या पिरियस बंदराहून वर येताना वधस्थळाजवळ प्रेतं पाहतो. बघावंसं वाटतं, किळसही येते. तोंड झाकून तो बराच वेळ स्वतःशी झगडतो, शेवटी हरतो, डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि त्या डोळ्यांवरच खेकसतो: घ्या, मेल्यांनो, पोटभर बघून घ्या!