जुना कंट्रोलर घेताना आधी स्टिक तपासा
इंदूरला जेल रोडवर जुना गेम कंट्रोलर स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच पैसे काढू नका. खिशात ओटीजी केबल (फोनला यूएसबी वस्तू जोडायची छोटी केबल) ठेवा, कंट्रोलर दुकानातच फोनला जोडा आणि ब्राउझरमध्ये ‘गेमपॅड टेस्टर’ शोधून उघडा. दोन्ही स्टिक (अंगठ्याने हलवायच्या छोट्या दांड्या) चारी बाजूंना गोल फिरवा, मग सोडून द्या. स्क्रीनवरचे स्टिकचे आकडे शून्याच्या अगदी जवळ परतायला हवेत. हात न लावता ०.१५-०.२० दाखवत असतील, तर गेममधला खेळाडू आपोआप एका बाजूला सरकत राहणार. हाच ‘ड्रिफ्ट’. ही चाचणी दहा वेळा तरी करा. पहिल्या दोन-तीनदा दोष बरेचदा दिसतच नाही. माझा एक कंट्रोलर असाच फुकट गेला, फार वाईट वाटलं.

ड्रिफ्ट थोडा असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग) वाढवून काम भागतं, पण नेम धरताना बारीक हालचाल हरवते.

नवाच घ्यायचा असेल तर ‘हॉल इफेक्ट’ स्टिकचा घ्या. नेहमीच्या स्टिकमध्ये आतला पट्टा घासून झिजतो; यात चुंबक असतं, घासणंच नाही. आता परवडणाऱ्या कंट्रोलरमध्येही ही सोय मिळते.