तोक्योत नोरी थापायला जायचंय?

चेरीच्या फुलांसाठी मार्चअखेर येणाऱ्या पाहुण्यांना माझं एकच सांगणं असतं: दीड-दोन महिने आधी या. नोरी (कागदासारखं थापून वाळवलेलं, खायचं समुद्री शेवाळ) हे थंडीचं पीक आहे, फुलं येईपर्यंत हंगाम उतरणीला लागतो.

जायचं ओमोरीच्या नोरी संग्रहालयात. शिनागावाहून केइक्यू रेल्वेची लोकल धरा, हेइवाजिमाला उतरा, पुढे चालत. प्रवेश फुकट आहे. मात्र नोरी थापायची तर आधी नाव नोंदवावं लागतं. जपानी येणाऱ्या कुणाला तरी हाताशी धरा.

ओमोरीचा किनारा एकेकाळी नोरीच्या शेतीनेच भरलेला असायचा. बंदराच्या भरावासाठी १९६२ मध्ये इथल्या कोळ्यांनी आपले हक्क सोडले आणि पुढच्या वसंतात शेवटची नोरी निघाली. आम्ही निशि-कासाईकर मराठी मंडळी जिथे राहतो, त्या तोक्योतल्याच कासाईचीही तीच कथा.

बाह्या वर करा, पाणी गारठवणारं असतं. ताजी नोरी बारीक चिरून गोड्या पाण्यात कालवतात. बारीक चटईवर लाकडी चौकट ठेवायची, माप भरून घ्यायचं आणि एका दमात ओतायचं. इथे कुरडया घालण्याचा संथपणा कामाचा नाही. हात रेंगाळला की एका कोपऱ्यात गोळा, दुसऱ्यात भोकं! चौकट उचलून चटई उन्हात लावायची. वाळायला काही तास लागतात, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. तयार कागद २१ बाय १९ सेंटिमीटर, वजन जेमतेम ३ ग्रॅम.

खायची कशी? दोन कागद एकत्र धरून आचेवर फिरवा, काळ्याचा हिरवा रंग झाला की बस. गरम भातावर चुरा, वर थेंबभर सोया सॉस. शाकाहारी असाल तर बाहेरच्या सूपपासून जपा: त्यातली 'दाशी', म्हणजे मूळ रस्सा, बहुधा वाळलेल्या बोनितो माशाची असते. 'कोंबु दाशी' म्हणजे फक्त समुद्री शेवाळाची, तीच मागा.

आणि एक. इतर कुठल्याही किनाऱ्यावर वाकामे (हेही खायचं समुद्री शेवाळच) दिसलं म्हणून पिशवीत भरू नका, हौसेने तर मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी त्यावर स्थानिक मच्छीमार संस्थेचा हक्क असतो, आणि दंड १० लाख येनपर्यंत होऊ शकतो.

घरी नेताना घट्ट झाकणाचा डबा हवा. मुंबईच्या पावसाळ्यात पाकीट फोडलं तर त्याच दिवशी संपवा.