बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील तिकिटे आणि पास : या चुका टाळा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीकडील मुख्य प्रवेशद्वारावर रविवारी सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तरी तिकिटांवरून होणारे तेच ते वाद कानावर पडतात. त्यांतील बहुतेक वाद घरातून निघण्यापूर्वी मिटण्यासारखे असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रवेशद्वारावरची पावती हाती आली की आतले सर्व काही त्यातच आले, असे गृहीत धरणे. त्या पावतीने केवळ उद्यानात प्रवेश मिळतो. वाहनाचे शुल्क वेगळे, वाघ-सिंहांच्या सफारीचे तिकीट वेगळे, आणि कान्हेरी लेण्यांचे तर खातेच वेगळे. उद्यान राज्याच्या वनविभागाकडे असून लेणी मात्र केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, त्यामुळे सुमारे सहा किलोमीटर आत गेल्यावर भारतीयांना माणशी २५ रुपयांचे आणि परदेशी पाहुण्यांना ३०० रुपयांचे तिकीट नव्याने काढावे लागते. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही, पण हा नियम पुरातत्त्व खात्याचा असल्याने तो मुख्य प्रवेशद्वारावर सांगून उपयोग नाही.

आमच्या नात्यातील एक मोठे कुटुंब सांगलीहून आले होते. "दाजी, लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, थोडे सुटे पैसे जवळ ठेवा," असे मी आदल्या रात्री सांगितले होते. "मुंबईत राहून अजून सुट्या पैशांच्या गोष्टी करताय? फोनवर होतं सगळं," असे म्हणून दाजींनी तो विषय संपवला. लेण्यांपाशी पोहोचल्यावर फोनला नेटवर्क मिळेना, खिशात नोट नव्हती आणि अनोळखी माणसाकडे उसने मागणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. शेवटी मंडळींना पायऱ्यांवर बसवून ते एकटे बोरिवलीपर्यंत गेले आणि पैसे घेऊन परत आले. लेणी पाहून सगळे खाली उतरले, तोवर त्या दिवसाची सफारीची तिकिटे संपली होती, आणि मुले तर केवळ वाघासाठी आली होती. तेव्हापासून मी पाहुण्यांबरोबर गेलो की आत शिरताच एकाला सफारीच्या खिडकीवर पाठवतो, वेळ निश्चित झाल्यावरच लेण्यांचा बेत ठरवतो आणि दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात वेगळ्या ठेवतो. सगळ्या पावत्या बाहेर पडेपर्यंत एकाच माणसाकडे असाव्यात.

दुसरी चूक सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पासची. हा पास व्यक्तीच्या नावाचा आणि सकाळच्या ठरावीक वेळेपुरता असतो. तो भाच्याच्या हाती देणे किंवा त्याच्या बळावर दुपारी पाहुण्यांसह आत शिरू पाहणे आणि अडवल्यावर "आम्ही रोजचे आहोत" असे सुनावणे, हे मला मुळीच पटत नाही. रोजच्या माणसाला तर नियम अधिक ठाऊक असायला हवेत. जानेवारीत उत्साहाच्या भरात वर्षभराचा पास काढणाऱ्यांपैकी बरेच जण होळीनंतर दिसत नाहीत, त्यामुळे नवख्यांनी आधी कमी मुदतीचा पास घ्यावा आणि पावसाळ्यातही पाय घराबाहेर पडतात का, हे पाहून पुढचे ठरवावे.

सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते आणि लेणीही बंद असतात.

शिलोंडासारख्या जंगलवाटांना प्रवेशद्वाराचे तिकीट पुरत नाही, तिथे पूर्वपरवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो. पडक्या भिंतीतून किंवा वस्तीच्या मागच्या वाटेने "फुकट" आत जाण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही. विनापरवाना प्रवेश हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या वाटा बिबट्यांच्याही आहेत.

व्हॉट्सॲपवर फिरणारे दरपत्रक दाखवून खिडकीवरील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नये. दर वेळोवेळी बदलतात, आणि त्या खिडकीशेजारच्या फलकावर लिहिलेला दरच त्या दिवशी लागू असतो. सवलत मागायची असेल, तर मूळ ओळखपत्र रांगेत उभे राहण्यापूर्वीच हातात काढून ठेवावे, म्हणजे मागच्यांचा खोळंबा होत नाही.