रिटायर झाल्यावर पार्ट-टाइम काम धरताय? आधी हे करा

पार्ट-टाइम म्हणून जातो आणि महिनाभरात फुल डे कधी होतो कळत नाही, उद्यमनगरात एका कारखान्याचे हिशेब बघायला लागलो तेव्हा माझंही तेच झालं.

१. वार आणि वेळ पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: सोम-बुध-शुक्र, १० ते १. समोरून 'ओके' आलं की मगच सुरू. तोंडी ठरलेलं कुणाला आठवत नाही बघा.

२. मोकळ्या दिवशी फोन आला तर "उद्या आल्यावर बघतो" एवढंच.

३. ह्या पैशासाठी वेगळं खातं ठेवा, पेन्शनमध्ये मिसळू नका.

फक्त एक, प्रोफेशनल फी म्हणून पैसे देत असतील तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) कापला जाऊ शकतो, टॅक्स बसत नसला तरी रिटर्न भरा, नाहीतर रिफंड मिळत नाही.