घरपट्टी थकली की सदस्यत्व जातं: ग्रामपंचायत लढवताना या चुका टाळा

ग्रामपंचायतीला उभी राहणारी माणसं पॅनेलची, चिन्हाची, जात पडताळणीची काळजी करतात आणि घरपट्टी विसरतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ सांगतं की पंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर वा फी, मागणीचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही, तर ती व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही आणि असलेली सदस्य राहू शकत नाही. रकमेला किमान मर्यादा नाही. दीडशे रुपयांची पाणीपट्टीही पुरते. गावाचा पैसा ज्याच्या हाती द्यायचा त्याने आधी गावाचं देणं फेडावं, हे मला रास्तच वाटतं. पण कामाची माणसं केवळ कागदाच्या ढिलाईमुळे बाद होतात, याचं वाईट वाटतं.

अर्ज भरायला जाताना भरू, असं म्हणणं

नामनिर्देशनासाठी ठरलेल्या दिवसाच्या आधी रक्कम भरलेली असेल, तर अपात्रता लागत नाही, अशी सवलत कायद्याने दिली आहे. त्याच दिवशी सकाळी फाडलेल्या पावतीवरून छाननीत हरकत येते. म्हणून निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला की अर्ज स्वीकारणं सुरू होण्यापूर्वीच सगळं चुकतं करा.

घर माझ्या नावावर नाही, मग माझा काय संबंध?

सगळ्यात जास्त घात इथे होतो. अविभक्त हिंदू कुटुंबातल्या एकाने पंचायतीचा कर थकवला, तर कुटुंबातले सगळेच अपात्र मानले जातात. रूढीने मालमत्ता किंवा राहणं एकत्र असलेल्या गटालाही हेच लागू आहे. नमुना ८ ला, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीला, आजोबांचं नाव, कर भरायची जबाबदारी मुंबईच्या काकांवर ढकललेली, आणि राखीव जागेवर अर्ज घरातल्या सुनेचा. तिने ती नोंदवही कधी पाहिलेलीही नसते. तिला उभं करणाऱ्यांनी आधी घरातली प्रत्येक मिळकत, गोठा आणि नळजोडणीसकट, तपासून द्यावी. वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र आणि पंचायतीतली स्वतंत्र नोंद जवळ ठेवा. रेशनकार्ड वेगळं आहे एवढ्यावर विसंबू नका.

बिल घ्यायचंच नाही

बिल बजावल्याशिवाय तीन महिने मोजले जात नाहीत, हे खरं. त्यामुळे काहीजण शिपायाला दारातूनच परत पाठवतात. पण बिल प्रत्यक्ष हातात पडायलाच हवं असं नाही. कलम १२९ नुसार ते घरच्या प्रौढ माणसाकडे देता येतं आणि तेही जमलं नाही तर घरावर डकवता येतं. बिल खरोखरच आलं नसेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) नमुना ९ ची, म्हणजे कर मागणी नोंदवहीची, आणि बजावणीच्या नोंदीची प्रत लेखी मागा. तक्रार झाली तर बचाव त्याच कागदावर उभा राहतो.

पैसे शिपायाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. नमुना १० ची पावती घ्या, तिच्यावरचं वर्ष आणि मिळकत क्रमांक तिथेच वाचा, आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही घ्या.

सोसायटीच्या कर्जाशी गल्लत

विकास सोसायटीचं पीककर्ज थकलं म्हणून ग्रामपंचायतीचा अर्ज बाद होत नाही. ते कर्ज आडवं येतं सोसायटीच्या संचालकपदाला, सहकार कायद्याच्या कलम ७३ कअ मुळे. मात्र न्यायालयाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं असेल आणि त्यातून मुक्तता मिळाली नसेल, तर पंचायतीची दारंही बंद.

निवडून आलो, आता कोण विचारतो!

विरोधी पॅनेल विचारतं. दरवर्षी नवं बिल येतं आणि त्याचे तीन महिने पुन्हा सुरू होतात. सरपंचालाही यात सूट नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ नुसार कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो आणि त्यांनी शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तोवर सदस्यत्व टिकतं, म्हणून नोटीस आली तर घाबरून राजीनामा देऊ नका. पावत्या आणि बजावणीच्या नोंदी घेऊन सुनावणीला हजर राहा. निर्णय विरोधात गेला तर शासनाकडे अपील करायला निर्णयाच्या तारखेपासून १५ दिवस मिळतात, तेव्हा निकालाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.