गिअरबॉक्स उतरवण्याआधी

आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल किंवा मोटर मेकॅनिक करून गॅरेजात आलेल्या पोरांना सगळ्यात जास्त घाई असते ती गिअरबॉक्स उघडायची. साहजिक आहे, वर्गात कापून ठेवलेला मॉडेल बॉक्स पाहिलेला असतो, आता खरा बघायचा असतो. पण जुन्या ट्रकचा बॉक्स खाली घ्यायचा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा) सोडा, लिंकेज (लिव्हरपासून बॉक्सपर्यंतचे रॉड) सोडा, जॅक लावा, शंभर किलोच्या वरचं धूड सांभाळत मागे ओढा. एवढं करून वर चढवल्यावर गिअर तसाच अडकत असेल, तर मालक पुन्हा तोंड दाखवत नाही. आणि बऱ्याच वेळा दोष बॉक्सच्या बाहेरच असतो.

मी सांगतोय ते टाटाच्या १६१२, १६१३, जुन्या ४०७, झेडएफ कंपनीच्या बॉक्सच्या लेलँड अशा गाड्यांबद्दल. सेन्सर नाहीत, स्कॅनर लावायची सोय नाही. कान, हात आणि ड्रायव्हरचं बोलणं, एवढ्यावर काम.

ड्रायव्हर येऊन म्हणतो, "मिस्त्री, गिअरबॉक्स गेला." हे त्याचं निदान झालं, तक्रार नव्हे. त्याला विचारा, "मामा, कुठला गिअर? पडत नाही, का पडून सुटतो? सकाळी गार गाडीत, का तापल्यावर? भरलेली असताना, का रिकामी पण?" माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न पहिलाच. एकच गिअर त्रास देतोय, जोडी देतेय, का सगळे? एकच असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग सारखा करणारी), ती ज्यावर घासते तो कोन, दात, म्हणजे बॉक्सच्या आत बघायचं. तिसरा-चौथा अशी जोडी असेल तर दोघांचा स्लीव्ह (गिअरला जोडणारी सरकती बांगडी), तो सरकवणारा फोर्क आणि रॉड एकच असतो, संशय तिथे. सगळेच गिअर कर्र करत असतील तर बॉक्सकडे बघूच नका, आधी क्लच. पाची गिअरच्या रिंगा एकाच आठवड्यात झिजत नाहीत.

मग गाडी सपाटीवर लावून, चाकांना ठोकळे देऊन, इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर ठोकळ्यांच्या मधेच गाडी जरा हलवून परत टाका, कारण दातावर दात आला तर चांगला गिअरही अडतो. इंजिन बंद असताना सगळे अलगद पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, म्हणजे क्लच सुटत नाही, पेडल दाबूनही इंजिन बॉक्सपासून वेगळं होत नाही. बंद असतानाही लिव्हर जड किंवा अडखळत चालत असेल तर लिंकेज, नाहीतर शिफ्टर रॉड. इथे बॉक्सवरचा लिंकेजचा जोड सोडून तिथूनच हाताने गिअर टाकून बघायचे. हाताने सहज पडले तर दोष केबिन आणि बॉक्सच्या मधे आहे: झिजलेले बुश, ढिला बॉल जॉइंट, वाकलेला रॉड. थोडक्या पैशांत सुटणारं काम.

क्लचची खात्री करायला रिव्हर्स वापरा. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलला, पेडल पूर्ण दाबा, मनात दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स हळूच टाका. एवढ्या वेळात इनपुट शाफ्ट (क्लचमधून बॉक्सात जाणारा) थांबायलाच हवा. कर्र झालं तर तो अजून फिरतोय. आता पेडल दोन-तीनदा पंप करून लगेच टाका. पंप केल्यावर पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं रबरी वायसर गेलंय. एअर काढा, किट बदला, गळती शोधा. पंप करूनही फरक नाही, तर एकाला पेडल दाबायला लावून तुम्ही खाली क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरच्या पुशरॉडची चाल बघा. चाल कमी असेल तर अजून बाहेरच शोधा: फ्री प्ले, सिलिंडर, आतून फुगलेला होज. चाल पूर्ण असूनही क्लच सुटत नसेल तेव्हा कुठे बॉक्स मागे घ्यायचा विचार. आत वाकलेली प्लेट, क्लच कव्हरची खाली-वर झालेली बोटं, जाम झालेलं पायलट बेअरिंग, यातलं काहीतरी सापडतं. गाडी अख्खा पावसाळा उभी असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही असते.

सिंक्रोबद्दल एक गंमत सांगतो. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त ड्रायव्हर बदलला आणि दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली, असं कितीतरी वेळा होतं. मालक नव्या पोराला शिव्या घालतो. खरं कारण असं, की आधीचा जुना ड्रायव्हर कॉन्स्टंट मेश (बिना-सिंक्रोच्या) बॉक्सवर हात बसलेला होता, तो सवयीने डबल क्लच करायचा, म्हणजे न्यूट्रलला क्लच सोडून परत दाबून गिअर टाकायचा. रिंगा कधीच्या संपल्या होत्या, त्याला पत्ताच नव्हता. म्हणून ट्रायलला स्वतः डबल क्लच करून बघा. तसा गिअर मऊ पडतो, एका क्लचमध्ये ओरडतो, आणि रिव्हर्सची परीक्षा स्वच्छ होती, तर रिंग गेली असं धरून चालायला हरकत नाही.

गिअर सुटतो ही तक्रार वेगळी, आणि धोक्याची. खंबाटकी घाट उतरताना भरलेल्या गाडीचा तिसरा सुटून न्यूट्रल झाला तर इंजिनचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इथे विचारायचं, चढाला सुटतो का उताराला? लिव्हर सुटायच्या आधी थरथरते का? गिअर पूर्ण बसतच नसेल तर लिंकेजचं सेटिंग आणि इंजिन-बॉक्सची माउंटिंग आधी बघा. रबर बसलं की बॉक्स हलतो आणि लिव्हर आपोआप ओढली जाते. ते ठीक असेल तर वरच्या कव्हरमधले, गिअर जागेवर धरणारे लॉक बॉल आणि स्प्रिंग. बहुतेक बॉक्समध्ये हे बॉक्स न उतरवता तपासता येतात. तिथेही काही नसेल तर स्लीव्हचे गोल झालेले दात, झिजलेला फोर्क किंवा शाफ्टचा एंड प्ले (मागेपुढे होणारा खेळ), म्हणजे बॉक्स उघडणं आलंच.

आवाजावरून फार खोलात जात नाही, तो कान हळूहळू तयार होतो. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर पहिला संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलला घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर जाते, तर इनपुट किंवा त्याच्याशी दात जुळवून फिरणाऱ्या काउंटर शाफ्टचं बेअरिंग. टॉप डायरेक्ट असलेल्या (टॉपला ताकद सरळ आरपार जाणाऱ्या) बॉक्समध्ये खालच्या गिअरला आवाज आणि टॉपला शांत असेल तर काउंटर शाफ्टकडे बघा, कारण टॉपला त्याच्यावर भार नसतो.

ऑईल मात्र कधीच सोडू नका. भरायचं बूच आधी उघडा, मग खालचं. वरचं गंजून बसलं असेल आणि खालून सगळं सांडलं असेल तर काय कराल? काढलेलं ऑईल उन्हात धरून बघा. सोनेरी चकाकी म्हणजे पितळी रिंग झिजतेय, आणि ही चुंबकाला चिकटत नाही. चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणं नेहमीचंच. बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर गाडी पुढे पाठवू नका. आणि क्राऊनच्या (मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलच्या) ड्रममधलं ऑईल बॉक्समध्ये ओतायची सवय कितीतरी गॅरेजात आहे. क्राऊनला जीएल-५ लागतं (जीएल म्हणजे गिअर ऑईलचा दर्जा). पितळी रिंगा असलेल्या बॉक्सला सहसा जीएल-४ सांगितलेलं असतं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळाला मानवत नाहीत, शिवाय रिंगेला जी पकड लागते ती निसरडी होते. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा. सकाळी पहिले काही किलोमीटर गिअर जड आणि नंतर मऊ, ही तक्रार ऑईल बदलल्यावर गेलेली मी पाहिली आहे.

हे सगळं करूनही बॉक्स उतरवायची वेळ आली, तर उतरवताना आणि चढवताना बॉक्सचं वजन क्लच प्लेटच्या हबवर लोंबकळू देऊ नका. प्लेट तिथेच वाकते आणि नवी तक्रार तुमच्या हातून तयार होते. प्लेट मधोमध बसवायला जुना इनपुट शाफ्ट डमी म्हणून जपून ठेवा. सिंक्रो रिंग कोनवर दाबून दातांमधली फट फीलर गेजने मोजा, पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. नुसती रिंग बदलून कोन झिजलेलाच ठेवला तर त्याच गिअरची तक्रार परत येते. बॉक्स खाली आहेच तर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मागचं क्रँक सील एकदा नजरेखालून घाला, आणि यातलं काय बदलायचं हे शेठला फोन करून आधीच सांगा, बिल हातात दिल्यावर नको. निघालेले जुने भाग गोणीत बांधून गाडीच्या केबिनमध्येच ठेवा.